जेबेझ काकांचे बारा आठवडे

केटल बाइट या आमच्या कोळ्यांच्या गावात माणूस माणसाला भेटला की तब्येत नंतर विचारतो. आधी विचारतो, "स्टँप झाले का?"

वर्षात बारा आठवडे कुठेही पगारी काम केलं की हिवाळाभर सरकारकडून बेकारीचा चेक येतो. एका आठवड्याला एक स्टँप. माझ्या वडिलांच्या वेळी तो खरोखरचा कागदी तुकडा असे, मालक जिभेने ओला करून पुस्तकात चिकटवायचा. पुढे पुस्तक गेलं, डिंक गेला, सगळं यंत्रात गेलं. आमच्या तोंडात शब्द तेवढा राहिला. अकरा स्टँपचा माणूस म्हणजे अर्धकच्चा बटाटा, खाववतही नाही आणि टाकवतही नाही. बारावा झाला की तो माणसात आला. मुलगा बघायला गेलेले लोकसुद्धा आमच्याकडे "काय करतो?" असं विचारत नाहीत. "किती झालेत?" असं विचारतात.

ज्याचे बारा होत नाहीत, त्याने खैरातीच्या कचेरीत जायचं. तिथेही चेकच मिळतो. पण स्टँपवाला खैरातवाल्याकडे असा बघतो, जणू याचा चेक समुद्रातून गळाला लागला आणि त्याचा रस्त्यात सापडला. दोन्ही चेक एकाच पोस्टाच्या पिशवीतून उतरतात, हे आम्ही फारसं मनावर घेत नाही.

जेबेझ पार्डी यांनी मात्र ते मनावर घेतलं होतं. सगळं गाव त्यांना काका म्हणे. नात्याने ते कुणाचेच काका नव्हते, पण आमच्याकडे साठी ओलांडली आणि कुणाची चहाडी केली नाही, की माणूस काका होतो. ते सात वर्षांचे असताना वडिलांचं बोट धरून बर्फातून अकरा मैल चालत खैरातीच्या साहेबाकडे गेले होते. साहेबाने विचारलं, "घरात बटाटे किती?" वडिलांना खोटं बोलता येत नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात मोजून अठ्ठावीस सांगितले. साहेबाने अठ्ठावीस बटाट्यांचं पीठ कापलं आणि उरलेलं दिलं. ते तपकिरी पीठ. त्याची भाकरी बुटाच्या तळव्यासारखी दिसे, आणि काका सांगत, लागेही तशीच. परतीचे अकरा मैल वडील ती पिशवी पाठीवर घेऊन चालले. दारात बूट झाडताना एवढंच म्हणाले, "जेबेझ, तू या वाटेला जाऊ नकोस."

काका गेले नाहीत. जायची वेळच आली नाही, कारण त्यांना हात होते.

हात सगळ्यांनाच असतात, पण काकांचे हात वेगळेच. ते होड्या बांधत. कागद नाही, नकाशा नाही. आजोबांकडून आलेल्या तीन पातळ लाकडी पट्ट्या खिळ्याला टांगलेल्या. त्या पुढे-मागे सरकवून हव्या त्या होडीची हवी ती बरगडी आखायची. आखता आखता कापायची, कापता कापता बसवायची. त्यांना जंगलातलं झाड दिसत नसे, झाडातली होडी दिसे. आणि वेग! आमचा हेवर्ड म्हणायचा, "काका हात धुवायला गेले ना, तर येताना बादली करून आणतात."

हेवर्डबद्दलही सांगितलं पाहिजे, कारण तो काकांच्या बरोबर उलटा. स्टँपच्या शास्त्रातला तो आमचा पंडित. कोणत्या कामाला किती दिवस लावले तर किती आठवडे धरतात हे त्याला तोंडपाठ होतं. एका खिळ्यावर तो सकाळ काढू शकत असे, आणि बघणाऱ्याला वाटे, खिळाच अवघड आहे.

मग सरकारने कॉड मासा बंद केला. समुद्र जागच्या जागी राहिला, होड्याही राहिल्या, फक्त पकडायचं नाही. समुद्र रिकामा झालाय म्हणे. आम्हाला ते कळलं होतंच, पण ते कागदावर आल्यावर आम्ही पहिल्यांदा खाली बसलो. मासे पकडणाऱ्यांना सरकारने भरपाई लावली. कारखान्यात मासे कापणाऱ्या बायकांनाही लावली. काका टोपी ब्रशने साफ करून शहरातल्या कचेरीत गेले. सोबत त्यांची बायको, ड्रुसिला काकू, होत्या, त्यामुळे तिथे काय झालं ते सगळ्या गावाला शब्दशः माहीत आहे.

"तुम्ही मासे पकडता?" खिडकीतल्या बाईने विचारलं.

"नाही. पकडणाऱ्यांच्या होड्या बांधतो."

"मग मासे कापता?"

"नाही."

"माशांशी तुमचा संबंध काय?"

काका विचार करून म्हणाले, "खातो."

बाईने कागदावर फुली मारली. माशाला हात न लावणाऱ्या माणसाचं मासे गेल्याने काय नुकसान होणार? यात तिची चूक नव्हती. फॉर्मवर होडीला रकानाच नव्हता.

पहिला हिवाळा साठवणीवर निघाला. दुसऱ्यासाठी साठवण नव्हती. काकूंनी दोनदा हळूच खैरातीच्या कचेरीचं नाव काढलं. दोन्ही वेळा काका उठून बाहेर गेले आणि सरपण फोडत बसले. पुढल्या तीन हिवाळ्यांचं सरपण फोडून झालं, मग काकूंनी विषय सोडला.

अशा वेळी मेल्विना टक यांचा अर्ज मंजूर झाला. मेल्विनाबाई गावाच्या समितीच्या अध्यक्ष, चर्चमध्ये बाजा वाजवणाऱ्या आणि अर्ज लिहिण्यात तरबेज. त्यांच्या अर्जाला नकार द्यायचा तर सरकारला तीन पानं लिहावी लागत, म्हणून सरकार एका ओळीत होकार देत असे. या खेपेला मंजूर झालं होतं एक पाहण्याचं घर. टेकडीवर लाकडी खोली, खिडक्या, बाकं. प्रवाशांनी तिथे बसून देवमासे आणि हिमनग बघायचे. आठ माणसं, बारा आठवडे.

आम्हा सात जणांचे दोन-चार आठवडे इकडून तिकडून झाले होते. कुणी लॉब्स्टरवर, कुणी रस्त्याच्या कामावर. काकांची पाटी कोरी. त्यांना बाराच्या बारा इथूनच हवे होते, आणि गावाला ते माहीत होतं.

पहिल्या दिवशी आम्ही टेकडीवर गेलो. जागा कुठली, हे कुणी कुणाला विचारलं नाही. टेकडीच्या कुशीत एक आडोसा आहे. आमच्या आज्या तिथे उभ्या राहून होड्यांची वाट बघायच्या. बाहेर वादळ असलं तरी तिथे काडी विझत नाही. पाहायचं घर दुसरीकडे कुठे बांधणार? आणि बांधलंही खांबांवर, आमच्या सगळ्या घरांसारखं. केटल बाइटमध्ये घराला पाया नसतो. घर जमिनीला चिकटवायचं नसतं. माणसाला कधी हलावं लागेल, सांगता येत नाही.

हेवर्ड अजून आपला हातोडा शोधत होता, तोवर काकांनी चारही तुळया बसवल्या होत्या. मंगळवारी जमीन झाली. शुक्रवारी भिंतींच्या बरगड्या उभ्या राहिल्या, आणि त्या बघून आम्ही हातोडे खाली ठेवले. घर नव्हतं ते. उलटी ठेवलेली होडी होती. आणि ती याच वेगाने तीन आठवड्यांत तरंगायला लागणार होती.

रविवारी चर्च सुटल्यावर मेल्विनाबाईंनी काकांना गाठलं.

"जेबेझ काका, जरा हळू घ्या."

"का गं पोरी? कुठे वाकडं गेलं का?"

"वाकडं जात नाहीये, तेच तर रडणं आहे! काम संपलं की हजेरी संपली. मी हजेरीपटावर खोटं लिहिणार नाही, आधीच सांगते. चर्चमध्ये बाजा वाजवते मी."

काकांनी मान डोलावली. त्यांना गणित कळत होतं. पण हातांना कोण सांगणार?

सोमवारी हेवर्डने शिकवणी सुरू केली. "हे बघा काका. फळी उचलायची. उचलली की लगेच बसवायची नाही. आधी तिच्याकडे बघायचं."

"बघितलं."

"असं नाही हो! मुलगी बघायला गेल्यासारखं बघायचं. मग उलटी करून बघायचं. मग मला विचारायचं, 'हेवर्ड, तुला काय वाटतं?' मी म्हणणार, 'चहा घेऊन सांगतो.'"

"आणि चहा झाल्यावर?"

"चहा झाल्यावर फळी तीच आहे का, याची खात्री करायची."

काकांनी मनापासून प्रयत्न केला. फळी उचलली, बघितलं, उलटी केली. त्यांच्या कपाळावर घाम आला. मग डोळे हेवर्डकडे असतानाच हातांनी फळी बसवून तीन खिळे मारले. काकांनी हातांकडे असं बघितलं, जसं माणूस भर चर्चमध्ये भुंकणाऱ्या आपल्या कुत्र्याकडे बघतो.

आम्ही त्यांना डाव्या हाताने काम करायला सांगितलं, तर कळलं की डावा हात उजव्यापेक्षा तयार आहे. लोकरीचे जाड हातमोजे घालायला लावले. चांगली आरी लपवून गंजकी दिली, तर त्यांनी जेवणाच्या सुट्टीत तिला धार लावली आणि मग ती इतकी छान कापू लागली की आमचाही वेग वाढला. शेवटी हेवर्डनेच सुचवलं, "केलेलं थोडं उसवू या. पुन्हा करू." काका हातातला डबा खाली ठेवून म्हणाले, "हेवर्ड, लेका, उपाशी राहीन. चांगला सांधा उसवणार नाही." त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

चौथ्या आठवड्यात घर उभं राहिलं. मग आम्ही रंग काढला. एक हात, दोन हात, असे सात हात दिले. खिडक्यांची भोकं लहान होऊ लागली तेव्हा थांबलो. काकांनी बाकांच्या पाठीवर देवमासे कोरले, मग बाकांच्या खालच्या बाजूलाही कोरले, जिथे फक्त उंदीर बघणार. टेकडीवर जाणाऱ्या वाटेचे दगड आम्ही एकेक करून धुतले. दहाव्या आठवड्याच्या शेवटी जगात असं काही उरलं नाही, जे त्या घराला करता येईल. काका दोन आठवड्यांनी कमी पडले. मेल्विनाबाईंनी डोळे पुसले आणि तपासणीच्या साहेबाला फोन केला.

पेनवेल साहेब भला माणूस. तिशीतला, पातळ तळव्यांचे बूट, काखेत नकाशाची गुंडाळी. त्याने घराला एक फेरी मारली, बाकावरून हात फिरवला, खाली वाकून उंदरांचे देवमासेही बघितले. "सुंदर!" म्हणाला. मग नकाशा उलगडला आणि त्याचा चेहरा पडला.

"पण हे इथे का आहे?"

"मग कुठे असणार?" मेल्विनाबाई म्हणाल्या.

त्याने बोट दाखवलं. दोनशे पावलं वर, टेकडीचं टक्कल. नुसता खडक. तिथे शेवाळसुद्धा धरून बसतं.

"तिथे वारा आहे, साहेब," काका म्हणाले.

"नकाशात वारा नाही, काका. नकाशात सरकारी जमीन आहे. ही कुणाची तरी बटाट्याची जागा आहे."

"माझ्या आजोबांची," हेवर्ड म्हणाला. "पण ते काही बोलणार नाहीत. चर्चमागे पुरलंय त्यांना."

साहेबाने पेन्सिल काढून हिशेब मांडला. घर सुटं करायचं, वर न्यायचं, पुन्हा जोडायचं. "दोन आठवडे तरी लागतील. ज्यांना गरज आहे त्यांना वाढवून देतो. सोमवारी कागद घेऊन येतो. माफ करा हं, तुम्हाला त्रास होतोय."

आम्ही अतिशय दुःखी चेहरे केले. गाडी वळणापलीकडे गेली आणि मेल्विनाबाईंनी मला मिठी मारली. आम्ही दोघं त्याआधी तीन वर्षं बोलत नव्हतो.

काका मात्र भिंतीवर हात ठेवून उभे होते. "सुटं करायचं?"

"दोन आठवडे, काका!" आम्ही सगळे एकदम ओरडलो.

"हं," ते म्हणाले. "सरकारच म्हणतंय तर करीन. एकेक खिळा हळू काढीन. बघा तुम्ही. या खेपेला खरंच हळू."

बातमी पाण्यावरून चालते. शनिवारी सकाळी समोरच्या लिटल आर्म गावातून अकरा होड्या आल्या. बायका, पुरुष, दोन चुली, सुपाची तीन मोठी भांडी, आणि दोर. जाडजूड, जुने, डांबराचा वास येणारे दोर.

"घर हलवायचंय असं ऐकलं," पहिल्या होडीतला तांडेल म्हणाला.

मी सांगतो, त्या क्षणी आमच्या तोंडचं पाणी पळालं. घर ओढायला आमच्याकडे आमंत्रण नसतं. ऐकलं की यायचं. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत, सूप तेवढं प्यायचं. आलेल्या ओढणाऱ्याला परत पाठवणं म्हणजे मयताच्या दारातून लोकांना हाकलण्यासारखं. शिवाय त्या अकरा होड्यांतल्या नऊ काकांनी बांधलेल्या. ती माणसं काकांसाठीच आली होती.

मेल्विनाबाईंनी धडपड केली. "अहो, सोमवारपर्यंत थांबलं तर?"

"सोमवारी कशाला? आज हवा बरी आहे."

"सुटं करून न्यायचा विचार होता."

"सुटं? जेबेझने बांधलेलं?" तांडेल हसू लागला. "बाई, तुमची तब्येत बरी आहे ना?"

आता त्याला काय सांगणार? की बाबांनो, तुम्ही तासाभरात फुकट जे करणार आहात, ते दोन आठवडे लावून केलं तर सरकार पैसे देणार आहे? हे वाक्य बोलणारं तोंड केटल बाइटमध्ये नव्हतं. हेवर्डचंसुद्धा नव्हतं.

खांब काढले, खाली ओंडके सरकवले, दोर बांधले. साठ माणसं दोराला लागली. घर निघालं. पहिली शंभर पावलं ते गाईसारखं निमूट चाललं. मग चढ लागला, आणि मधल्या खडकाच्या धारेवर ते अडलं. एक कोपरा वर, एक कोपरा हवेत. साठ माणसं ओढत होती, पण साठ वेगवेगळ्या वेळी. असं घर गाण्यावर हलतं. एकाने ओळ उचलायची, सगळ्यांनी ती टेकवत एकदम ओढायचं. लिटल आर्मच्या गाणाऱ्याचा घसा त्या वसंतात ऑपरेशनने गेला होता. आमच्या गावात गाणारा एकच होता.

काका बाजूला खिशात हात घालून उभे होते. त्यांचे हात खिशात मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. घर कण्हत होतं. खालच्या बाजूला खांदा लावून दहा-बारा माणसं होती, त्यांचे पाय घसरू लागले. काकांनी एकदा त्या टकलाकडे बघितलं, एकदा खाली आपल्या घराच्या धुराड्याकडे. पाहण्याचं घर इथेच अडून राहिलं तर दोन आठवडे वाचत होते. तोंड मिटून ठेवलं की झालं. आयुष्यात त्यांना प्रथमच काही न करण्याचा मोबदला मिळणार होता.

दोरावर ड्रुसिला काकू होत्या. त्या मान न वळवता ओरडल्या, "जेबेझ पार्डी! गाणार असशील तर गा, नाहीतर दोर धर! शोभेला उभा राहू नकोस!"

काकांनी हात खिशातून काढले.

"हेऽऽ कुणाची गं होडी—"

"—आमची!" साठ माणसं म्हणाली, आणि घराने खडकावर पाऊल टाकलं.

"हेऽऽ कुणाचा गं वारा—"

"—आमचा!"

तो आवाज म्हाताऱ्याचा नव्हता. तो त्या सात हात रंगाखालच्या लाकडातून आल्यासारखा होता. घर चढ चढलं ते एखाद्या बाईने पोरं काखोटीला मारून घरी परतावं तसं, न थांबता, मागे न बघता. चाळीस मिनिटांत ते टकलावर उभं होतं. मग सगळ्यांनी वाटाण्याचं सूप प्यायलं, खारं मांस खाल्लं, पावावर काकवी घेतली. लिटल आर्मचे लोक अतिशय खुशीत होड्यांत बसले.

किनाऱ्यावर हेवर्ड म्हणाला, "काका, एका गाण्यात दोन स्टँप गिळलेत."

"माहीत आहे रे लेका," काका म्हणाले. "गाताना चव लागत होती."

सोमवारी पेनवेल साहेब मंजुरीचा कागद घेऊन आला. आडोशाच्या जागी आठ खड्डे होते. त्याने वर बघितलं.

"किती वेळ लागला?"

आम्ही खड्डे बघू लागलो. मग काकाच बोलले. बटाटे मोजून सांगणाऱ्याचाच मुलगा तो. "चाळीस मिनिटं. सूप धरून दीड तास."

साहेबाने कागद घडी करून पुन्हा खिशात ठेवला. त्याला वाईट वाटलं असावं. "चाळीस मिनिटांचा फॉर्म नसतो हो, काका," तो म्हणाला. "पण निदान जागा तपासून जातो."

आम्ही त्याच्याबरोबर वर गेलो. वाऱ्याने त्याची टोपी पहिल्याच पायरीवर मागून घेतली. दार उघडायला दोन माणसं लागली, लावायला तीन. आत गेल्यावर घर हललं. साहेबाने बाक घट्ट धरला. घर पुन्हा हललं, या बाजूने त्या बाजूला, संथ, लाटेवर हलावं तसं.

"हे हलतंय!"

"हलणारच," काका म्हणाले. "न हलणारं मोडतं."

साहेब हिरवा पडला. खिडकीशी गेला, पण खिडकीतून आणखी समुद्र दिसला. तो मेल्विनाबाईंनी पुढे केलेल्या बादलीत ओकला. कोरड्या खडकावर उभ्या घरात बोट लागलेला माणूस मी तो एकच पाहिला.

तोंड पुसून त्याने विचारलं, "हे उडून गेलं तर जबाबदार कोण?"

"नांगरायला हवं. चार दोर, खडकात चार कड्या. ते मी आज संध्याकाळपर्यंत करतो."

"संध्याकाळपर्यंत!" मेल्विनाबाई कळवळून म्हणाल्या.

"मग झालं?" साहेबाने विचारलं.

"झालं कसं?" काका म्हणाले. "नांगरलेली होडी एकटी सोडतात का? दोर ताणतात, सैल होतात, घासतात. नवीन दोर बसेपर्यंत कुणीतरी बसून बघायला हवं."

साहेबाने मान वर केली. डोळे अजून पाणावलेले होते, पण त्यांत काहीतरी चमकलं. "किती दिवस?"

मेल्विनाबाईंनी तोंड उघडण्याआधी काका म्हणाले, "दोरावर आहे. दहा-पंधरा दिवस." आणि ते खरं होतं. कुठल्याही तांडेलाला विचारा.

साहेबाने गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं: वादळाचा पहारा, एक माणूस, दोन आठवडे, दुसरं काम करायचं नाही. मग पेन थांबवून त्याने विचारलं, "काका, हे तरी तुम्ही चार दिवसांत संपवणार नाही ना?"

"दिवस माझ्या हातात नाहीत, साहेब," काका म्हणाले. "नाहीतर काही सांगता आलं नसतं."

तर सोमवारी संध्याकाळी नांगर बसले आणि मंगळवारपासून पहारा सुरू झाला, आणि मंगळवारीच वारा पडला. केटल बाइटच्या इतिहासात असे दोन आठवडे झाले नाहीत. समुद्र तेलासारखा. धुराड्यांचा धूर शिडी लावल्यासारखा सरळ वर. काका टकलावर बाकावर बसून चार सैल दोरांकडे बघत. पहिल्या दिवशी त्यांनी गाठी तपासल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी जेवण घेऊन आलेल्या काकूंना विचारलं, "तुझं विणकाम आणतेस का?"

"दुसरं काम करायचं नाही असं लिहिलंय."

"मग मी करू काय?"

"बस."

"बसलोय की!"

"अजून बस."

हेवर्ड रोज वर जायचा, फुकट, नुसता बघायला. "काका," तो हळहळून म्हणायचा, "हे काम मला का नाही दिलं हो? जन्मभर याचीच तयारी केली मी." काकांचे हात मांडीवर पडलेले असत, आणि हेवर्ड सांगे, मधूनच ते आपोआप उठून हवेत एखादी फळी तासून पुन्हा खाली बसत.

दोन आठवडे भरले त्या सोमवारी पाच वाजता पहारा संपला. काका टेकडी उतरले ते काठी टेकत. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांना थकलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते ओट्यावर बसले आणि बूटही काकूंनी काढले. मेल्विनाबाई बारा आठवड्यांचा दाखला घेऊन आल्या. काकांनी तो तीन पातळ पट्ट्यांशेजारी खिळ्याला लावला.

"झाले ना बारा?" काकूंनी विचारलं.

"झाले. बापाला दाखवायला हवे होते. त्या अठ्ठावीस बटाट्यांचा सल सोडला असता त्यांनी."

मंगळवारी दुपारी वारा उठला. ईशान्येचा, साचलेल्या दोन आठवड्यांच्या भुकेने. खाडी पांढरी झाली, आमच्या छपरांच्या फळ्या बोलू लागल्या. मी दाराच्या फटीतून पाहिलं, तर समोर काका ओट्यावर बूट चढवत होते.

"कुठे निघालास?" काकूंचा आवाज वाऱ्यावरून ऐकू आला. "तुझा पहारा काल पाचला संपला!"

"वाऱ्याला सांगितलंय का कुणी?"

"पगार कोण देणार आजचा?"

"तू सूप दे," काका म्हणाले आणि दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून निघाले.

काकूंनी कपाळावर हात मारला, आत गेल्या, आणि शाल बांधून, किटली घेऊन बाहेर पडल्या. मीही कोट शोधला. वाटेच्या तोंडाशी, आम्ही धुतलेल्या त्या दगडांवर, माझ्याआधीच कुणीतरी वाकून चढत होतं. हेवर्ड होता. एवढ्या वाऱ्यात त्याला माझ्या पावलांचा आवाज कसा आला कोण जाणे. मागे न बघता त्याने ओरडून सांगितलं, "चल लवकर! म्हातारा एकटाच सगळं संपवून टाकेल!"